इंजिन उतरवण्याआधी गाडीखाली एक मोजपट्टी घेऊन जा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९६६ सालची एमजीबी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. ते गेल्यानंतर दीड वर्ष गाडी झाकूनच होती. आता बॅटऱ्या, टायर, पेट्रोलचे पाइप असं सगळं करून ती चालू केली. इंजिन छान चालतं, पण रिव्हर्स टाकताना कर्रर्र असा आवाज येतो. पहिला गिअर उभ्या गाडीतही कधी पडतो, कधी अडून बसतो. पेडल दोन-तीनदा मारलं की जरा बरं पडतं. ज्यांना दाखवली ते म्हणाले, क्लच गेलाय, इंजिन उतरवून पूर्ण सेट बदलावा लागेल. बाबांच्या हातात पाने देता देता मी थोडंफार काम शिकले आहे. क्लच बदलावाच लागेल का? आणि हे काम मला घरी जमेल का?

उत्तर :

ताई, पेडल दोन-तीनदा मारलं की बरं पडतं, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्यासाठी पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. त्या एका वाक्यावरून सांगतो, इंजिनाला अजून कुणाला हात लावू देऊ नका.

‘क्लच गेला’ असं आपण सगळेच सरसकट म्हणतो, पण त्यात दोन अगदी उलटे आजार असतात. एकात क्लच धरत नाही. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर, टॉप गिअरमध्ये हे जास्त जाणवतं, आणि जळका वास येतो. हे स्लिप होणं. दुसऱ्यात क्लच सोडत नाही. पेडल तळापर्यंत दाबलं तरी क्लचची प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, घासत राहते, त्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतच नाही आणि गिअर टाकायला गेलं की दात दातांवर घासतात. झिजलेली प्लेट पहिला आजार देते, दुसरा नाही. तुमची गाडी धरते आहे, ओढते आहे, फक्त सोडत नाही. मग प्लेट बदलून काय होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्याआधी तुमच्या गाडीपुरती एक गोष्ट. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पण चारही गिअरना सिंक्रो (गिअर पडण्याआधी दातांचा वेग जुळवणारी कडी) असलेला गिअरबॉक्स १९६७च्या अखेरीस आला. तुमच्या १९६६च्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, आणि रिव्हर्सलाही नाही. म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकताना कुरकुर झाली तर तो दोष समजू नका. उभ्या गाडीतही क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबायचं, किंवा लिव्हर आधी दुसऱ्याकडे हलकेच लावून मग पहिल्यात न्यायची. दुसऱ्याचा सिंक्रो शाफ्टला थांबवतो. तुमच्या बाबांच्या हाताला ही सवय नक्की असणार.

खरा दोष आहे का, हे रिव्हर्स सांगतो. इंजिन गरम होऊ द्या, मंद चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा आणि सावकाश दहा आकडे मोजून मगच रिव्हर्स टाका. क्लच नीट सोडत असेल तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स बिनआवाज पडतो. दहापर्यंत मोजूनही कर्रर्र झालंच, तर क्लच सोडत नाही हे पक्कं. आता शोधायचं ते फक्त हेच, की पायाच्या जोराची चोरी क्लचच्या बाहेर होते आहे की आत.

तुमच्या पायाचा जोर क्लचपर्यंत कसा पोहोचतो पाहा. पेडल, पेडलची पिन, मास्टर सिलिंडरचा पुशरॉड (हा सिलिंडर ऑइलवर दाब आणतो), धातूचा पाइप, रबरी होज, तो दाब खाली घेणारा स्लेव्ह सिलिंडर, त्याचा पुशरॉड, आणखी एक पिन, बेअरिंग ढकलणारा फोर्क, रिलीज बेअरिंग, आणि मग प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. यातला प्रत्येक सांधा साठ वर्षांत थोडा थोडा झिजलेला असतो. कुणीच एकटा गुन्हेगार नसतो. अर्धा मिलिमीटर इथे, एक मिलिमीटर तिथे, असं करत शेवटी बेअरिंगच्या वाट्याला पुरेशी हालचाल उरत नाही. यातलं फोर्कपर्यंतचं जवळजवळ सगळं इंजिन न उतरवता दिसतं आणि बदलता येतं.

सुरुवात अगदी साध्या ठिकाणापासून करा. पेडलखालचं कार्पेट उचला. जाड मॅट किंवा नव्याने टाकलेलं कार्पेट पेडलला तळापर्यंत जाऊच देत नाही, असं मी एकापेक्षा जास्त गाड्यांत पाहिलंय. मग मास्टर सिलिंडरमधलं ऑइल पाहा. पातळी उतरली असेल तर ते कुठेतरी गेलंय. पेडलच्या वर, आतल्या बाजूला बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टरचं मागचं सील गेलं. खाली स्लेव्हचं रबरी टोपण जरा सरकवून पाहा. आतून ऑइल गळलं तर स्लेव्हचं सील गेलं.

आता मोजपट्टी. हँडब्रेक लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, अगदी एका मिनिटासाठीही जाऊ नका. खाली बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या) बाजूला स्लेव्ह सिलिंडर दिसेल आणि त्यातून बाहेर येणारा पुशरॉड फोर्कला पिनने जोडलेला दिसेल. पुशरॉडवर खडूने खूण करा आणि घरातल्या कुणाला तरी पेडल सावकाश तळापर्यंत दाबायला सांगा. खूण किती सरकते ते मोजा. धडधाकट एमजीबीत ती साधारण १२ ते १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच सरकते. एवढी सरकली आणि तरीही गिअर अडत असेल, तर दुखणं आत आहे. आठ-नऊच सरकली, तर दुखणं बाहेर आहे आणि इंजिन उतरवायची गरज नाही.

तिथे आहातच तर आणखी दोन गोष्टी पाहा. पेडल मिनिटभर दाबूनच ठेवायला सांगा. पुशरॉड हळूहळू मागे येऊ लागला आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टरचं आतलं सील दाब धरत नाही. मग पेडल तीन-चारदा मारून पुन्हा मोजा. पहिल्या वेळेपेक्षा जास्त सरकलं तर पाइपात हवा आहे किंवा मास्टर थकलाय. तुमच्या पत्रावरून मला हेच दिसेल असं वाटतं. दीड वर्ष उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो आणि रबर एका जागी बसून कडक होतं. जुनी रबरी होजही हाताने चाचपून बघा. पेडल दाबताना ती फुगत असेल तर तुमचा जोर ती होजच खाते आहे. उलट आतून सुजून बंद होत आली असेल तर ऑइल परत येत नाही, क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि मग स्लिप सुरू होते.

आणि पिना. यांच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण त्यांनीच मला सगळ्यात महागडा धडा दिला.

माझ्या पहिल्या जुन्या गाडीचं इंजिन मी याच तक्रारीसाठी उतरवलं. सगळी सुट्टी त्यात गेली. नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवं बेअरिंग टाकलं, सगळं जोडलं, हौसेने रिव्हर्स टाकला, आणि तोच कर्रर्र. फार वाईट वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात पेडल आणि मास्टर जोडणारी पिन सहज काढून पाहिली. करंगळीहून बारीक अशी ती पिन मधोमध इतकी खाल्ली गेली होती, की नखाला पायरी लागत होती. तिचं पेडलमधलं भोक गोल उरलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. पेडल खाली जायचं, पण सुरुवातीचा बराच प्रवास पिन त्या भोकात सरकण्यातच जायचा. मास्टरला धक्का लागायचा तोवर पेडल तळाकडे आलेलं असायचं. पिन बदलली, भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल करून घेतलं आणि गिअर लोण्यासारखा पडू लागला. उतरवलेल्या जुन्या प्लेटवर अजून कितीतरी आयुष्य शिल्लक होतं.

म्हणून तुम्ही दोन्ही पिना काढून हातात घेऊन पाहा, वरची पेडलची आणि खालची स्लेव्हची. पिन काढायच्या आधी पेडल बोटाने हळूच दाबा आणि मास्टरचा पुशरॉड नेमका केव्हा हलायला लागतो ते पाहा. पेडलची लांबी मोठी असल्यामुळे वरच्या पिनेतली एक मिलिमीटरची झीज पायाखाली कितीतरी पट होऊन येते. 

सिलिंडर उघडलेत तर मास्टर आणि स्लेव्ह दोन्हींचं काम एकदमच करा. एकाचंच सील बदललं की वाढलेला दाब दुसऱ्या जुन्या सीलवर येतो आणि महिन्याभरात तेही गळू लागतं. आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर नुसतं रबर किट पुरतं. खड्डे दिसले तर सिलिंडरच नवा घ्या. घासून घासून मोठं केलेलं भोक नवं सीलही धरून ठेवत नाही. ऑइल डॉट ४ प्रतीचं घाला आणि डबा ताजा फोडा, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर सगळी रबरं फुगून निकामी होतील. बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उकलतो.

हवा काढायला ही गाडी हट्टी आहे. पेडल मारून निपल (स्लेव्हवरचा हवा सोडायचा स्क्रू) उघडायची नेहमीची रीत इथे पुष्कळदा हार मानते, कारण हवेला वर जायचं असतं आणि आपण तिला खाली ढकलत असतो. मला उलटी रीत आवडते. मास्टरमधलं बरंचसं ऑइल आधी काढून घ्या, मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी लावून ती स्लेव्हच्या निपलला बसवा, निपल उघडा आणि ऑइल खालून वर सावकाश ढकला. वर मास्टरमध्ये बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की निपल बंद करा. मग पुन्हा मोजपट्टी लावा.

एवढं सगळं करून अर्धा इंच हालचाल मिळाली आणि रिव्हर्स शांतपणे पडला, तर काम झालं. हालचाल मिळाली, पण गिअर तरीही अडला, तर आत तीन-चार शक्यता उरतात. उभ्या गाडीत प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. तुमचा गिअर अधूनमधून पडतो, त्यामुळे ती पूर्ण चिकटलेली नाही. तरी इंजिन गरम करून बंद करा आणि पेडल एखाद्या काठीने रात्रभर दाबून ठेवून पाहा, कधी कधी तेवढ्यानेही सुटते. फोर्कची बुश (सांध्यातली धातूची छोटी नळी) झिजलेली असू शकते. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकातली छोटी पायलट बुश शाफ्टला पकडून बसलेली असू शकते. मग क्लच कितीही सुटला तरी शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. किंवा प्लेट वाकडी झालेली असते. आवाजही ऐका. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर बहुधा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग.

मग मात्र इंजिन उतरवावंच लागेल. या गाडीत गिअरबॉक्स एकटा खालून काढता येत नाही. तुम्ही विचारलंय, जमेल का. सील, पिना, हवा काढणं हे सगळं तुम्ही नक्की कराल. इंजिनासाठी मात्र ज्याने हे काम आधी केलंय असा एक माणूस शेजारी हवाच. ते दीडशे किलोच्या आसपासचं ओझं असतं, आणि ते साखळीवर लोंबकळत असताना त्याखाली हात, पाय काहीही जाता कामा नये.

बॅटरीपासून सुरुवात करा, आणि इथे लक्ष द्या. १९६६ची एमजीबी सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालते आणि मूळच्या जोडणीत तिचं अर्थिंग पॉझिटिव्हला आहे. आजच्या गाड्यांच्या सवयीने निगेटिव्हला हात घालू नका. जी वायर बॉडीला गेली आहे ती आधी सोडायची, आणि तुमच्या गाडीत ती पॉझिटिव्हची (+) आहे. पूर्वी कुणी बदल केला असेल, म्हणून वायर हाताने शोधून खात्री करा. मग बॉनेट, रेडिएटर, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, स्टार्टर. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा आणि फोटो काढा. फक्त इंजिन काढणार असाल तर गिअरबॉक्सला खालून जॅकचा भक्कम आधार द्या. इंजिन सरळ रेषेत पुढे ओढायचं. ते शाफ्टवर एक क्षणही लटकू द्यायचं नाही, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो.

क्लच उघडला की आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं पिशवीत बंद करा. यात हयगय नको, ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

आत ऑइल दिसलं तर ते कुठलं हे ओळखायला वासाचा उपयोग नाही, कारण या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच घालतात. फ्लायव्हीलच्या मागून ओघळ आलेला असेल तर क्रँकचं मागचं सील, शाफ्टच्या बाजूने आला असेल तर गिअरबॉक्स. क्रँकचं सील, पायलट बुश आणि फोर्कची बुश या तिन्ही गोष्टी गरज वाटो न वाटो, बदलाच. वस्तू लहान आहेत, पण त्यांच्यासाठी पुन्हा इंजिन काढायला लागलं तर जीव नकोसा होईल. पायलट बुश बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खाचा असतील तर त्याचं तोंड लेथवर हलकं साफ करून घ्या. बारीक भेगा असतील तर ते फ्लायव्हील पुन्हा वापरू नका.

नवा सेट मागवताना सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. तुमच्या तीन सिंक्रोच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला दहा खाचा आहेत, पुढच्या चार सिंक्रोवाल्याला तेवीस. नुसतं ‘एमजीबीचा क्लच द्या’ म्हटलं तर दुसराच हातात पडू शकतो. प्लेट आली की फ्लायव्हीलला लावण्याआधी ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून पाहा. बोटांच्या जोराने अलगद मागे-पुढे सरकली पाहिजे. स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे ठेवा. उलटी बसली तर मधला भाग फ्लायव्हीलला टेकतो आणि क्लच सुटत नाही, म्हणजे आपण पुन्हा रिव्हर्सच्या त्याच कर्रर्रपाशी. शाफ्टच्या खाचांवर ग्रीसचा अगदी पुसट हात द्या, जास्तीचं पुसून टाका. रिलीज बेअरिंग ग्राफाइटचं आहे, त्याला ग्रीस अजिबात नको.

प्लेट सेंटरिंगच्या दांड्यावर बरोबर मधोमध धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. शेवटचा जोर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे, टॉर्क पान्याने. बेअरिंगच्या दोन्ही क्लिपा बसल्यात ना, हे बोट लावून पाहा.

इंजिन परत जोडताना गिअरबॉक्स टॉपमध्ये टाका आणि खाचा जुळेपर्यंत क्रँक पान्याने किंचित किंचित फिरवा. शेवटचं बोटभर अंतर उरतं आणि सगळे वैतागलेले असतात, तेव्हा कुणीतरी म्हणतं, ‘बोल्ट लावून ओढून घेऊ.’ तसं करू देऊ नका. ते अंतर बोल्टने नाही, सरळ रेषेने मिटतं. जॅक एक केसभर वर-खाली करा, इंजिन हलवा, पुन्हा क्रँक फिरवा. बरोबर जुळलं की ते स्वतःच ‘ठप्प’ करून बसतं. तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

नंतरचे काहीशे किलोमीटर जोरात निघू नका, अर्ध्या क्लचवर चढावावर गाडी धरून ठेवू नका, आणि सिग्नलला न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढा. ग्राफाइटचं बेअरिंग दाबलेल्या प्रत्येक सेकंदाला झिजतं.

पण हे सगळं पुढचं. या आठवड्यात फक्त कार्पेट उचला, पिना काढा आणि मोजपट्टी घेऊन खाली जा. पेडल न मारता आणि मारून, असे दोन आकडे मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा, पिनांचा फोटोही जोडा. त्यावरून पुढचं नक्की सांगतो.